आधी जाळी द्या, मग मशीन

तीर्थरूप मामांच्या पायांशी, वस्तरा बाजूला ठेवून आणि हात स्वच्छ धुऊन, जावयाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? मामींच्या गुडघ्याला नवं तेल मानवलं का? पत्र पाहून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारा मी, फोनवर तुमचा आवाज आला की ‘हो मामा’ आणि ‘बरं मामा’ यांच्या पुढे सरकत नाही (तुमची लेक म्हणते, तुमचा फोन दिवसभर चालू ठेवला तर दुकानात शांतता नांदेल), म्हणून लिहायला बसलो. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की पोरीच्या हातांची सालटं निघालीत, महिनाअखेरीला येतो आणि हात बरे होईपर्यंत तिला घेऊन जातो. मी सवयीने ‘बरं मामा’ म्हणून मोकळा झालो. ते शब्द मागे घ्यायला हे पत्र लिहितोय असा गैरसमज नसावा. तुमच्या लेकीने वॉशिंग मशीन कसं निवडलं हे तिच्या बापाला कळायला हवं, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

लोकांना सलून म्हटलं की कात्री दिसते, वस्तरा दिसतो. पण सलून खरं चालतं ते टॉवेलांवर. डोक्याला वेगळा, दाढीला वेगळा, आणि जंतुनाशकाच्या पाण्यातून काढल्याशिवाय एकाचा टॉवेल दुसऱ्याच्या तोंडाला लागता कामा नये, हा तुमच्या लेकीचा कायदा. मागच्या खोलीत बसून तो सगळा ढीग ती हाताने धुवायची. शेवटी हातांनीच संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही. रबरी हातमोजे आणले, तर पाणी आत शिरायचं आणि बाहेर यायचं नाव घेत नसे. मग मी छाती काढून म्हटलं, मी धुतो. धुतले. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर त्यातला साबण राहून गेलेला टॉवेल तोंडावरून फिरवून जे शिंकायला लागले ते शिंकत शिंकतच घरी गेले, आणि जाताना त्यांच्या गालांवर दुसऱ्याच कुणाचे तरी केस होते (पोस्टमास्तरांना संपूर्ण टक्कल आहे, त्यामुळे हे लपवता आलं नाही). थट्टा सोडा मामा, पण जेवताना ती पाण्याचा पेला बोटांनी धरू शकत नव्हती, दोन्ही तळहातांत दाबून उचलायची.

मशीन घ्यायचं तर पैसे होते ते मोजकेच, आणि तेही नव्या खुर्चीसाठी साठवलेले. आत्ताची खुर्ची तुम्ही पाहिलीच आहे. गिऱ्हाईक बसतं तेव्हा आरशासमोर असतं, दाढी होईपर्यंत हळूहळू खाली जातं आणि शेवटी आरशात फक्त भांग उरतो. तुमच्या लेकीचं म्हणणं, आधी खुर्ची, धंदा महत्त्वाचा. माझं म्हणणं, आधी मशीन. या भांडणात लग्नानंतर पहिल्यांदाच मी जिंकलो. मात्र पुढच्या दाराचं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं निघालं, तेव्हा वरून झाकण उघडणारंच घ्यायचं ठरलं. त्यावरही तिची टिप्पणी होतीच. म्हणाली, बरंच झालं, एक टॉवेल नेहमी तुमच्या खांद्यावर राहून जातो, तो मधेच झाकण उचलून टाकता येईल.

पण वरून उघडणाऱ्या मशीनांचेही पन्नास प्रकार. माझी समजूत अशी की गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही. तेव्हा मी एकेकाच्या दाढीत विचारायला सुरुवात केली, तुमच्याकडे कुठलं मशीन, कसं चालतं? मामा, माणूस गळ्यावर वस्तरा असतानाही स्वतःच्या खरेदीला नाव ठेवत नाही. ज्याच्या मशीनने घरात तळं केलं तोही म्हणे, गळतं थोडं, पण आहे अगदी उत्तम. औषधांच्या दुकानाचे मालक तर आपल्या मशीनचा गुण पटवण्यासाठी एवढ्या जोरात मान हलवून ‘फर्स्ट क्लास!’ म्हणाले की मला तुरटीचा खडा शोधावा लागला. शेवटी माझ्याकडे जितकी गिऱ्हाइकं तितकी सर्वोत्तम मशीनं जमा झाली.

हे सगळं तुमची लेक पडद्याआडून ऐकत होती. त्या दिवशी दुकान बंद करताना ती एवढंच म्हणाली, “अहो, दिवसभर लोकांच्या कॉलरी उलट्या करून त्यात कापड खोचता. तोंडं कसली विचारताय, कॉलरी बघा की.” इतकी वर्षं मी माणसांच्या मानेमागे उभा आहे. कुणाच्या मानेवर तीळ आहे ते मला ठाऊक, पण कॉलरीच्या आतल्या बाजूला त्याच्या घरच्या धुण्याचा निकाल लागलेला असतो हे काही डोक्यात आलं नव्हतं. (हे डोकं तुमच्याकडचं. तुम्ही लेथवर काम करताना नुसत्या आवाजावरून पात्याची धार सांगायचात म्हणे. आमच्या घराण्यात ऐकण्यापेक्षा बोलण्यावर भर.)

दुसऱ्या दिवसापासून आधी कॉलर आणि मग प्रश्न असा क्रम सुरू झाला, आणि काय सांगू, एकेक अब्रू बाहेर पडायला लागली. निवृत्त हेडमास्तरांकडे वीस प्रकारे धुणारं मशीन, त्याच्याबद्दल ते दाढी आणि कटिंग दोन्ही होईपर्यंत बोलतात; कॉलर मात्र पिवळी. (चौकशीअंती कळलं की भलतंच बटण दाबलं जाईल या भीतीने ते वीसपैकी एकच प्रकार वापरतात, तोही सगळ्यात छोटा.) उलट आमचे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर बघा. हा माणूस शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून रोज मरणाच्या दारातून परत येतो, त्याच्या घामाला सुमार नाही, आणि कॉलर कशी, तर नुकतीच दुकानातून आणल्यासारखी. मशीन विचारलं तर जरा लाजूनच म्हणाले, जुनंच आहे हो, साधं, दोन गोल बटणं फिरवायची. एकदा उंदराने नळी कुरतडली होती, तेवढाच काय तो खर्च. असल्याच साध्या मशीनवाल्या आणखी दोन कॉलरी निघाल्या, दोन्ही स्वच्छ, आणि दोघांनीही मशीनचं कौतुक केलं नाही. तुमची लेक म्हणाली, ज्याची आठवण येत नाही तेच मशीन चांगलं.

मग आम्ही दुकानात गेलो. तिथला विक्रेता टायवाला, तोंडात साखर. त्याने आम्हाला थेट सगळ्यात महागड्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, हे मशीन कपडे स्वतः ओळखतं, ताई. तुमच्या लेकीने शांतपणे सांगितलं की कपडे मी ओळखते, याने फक्त धुवावेत. त्यानंतर तिने हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि ओळीने एकेका मशीनचं झाकण उचलून आतली धागे-केस अडवणारी जाळी बाहेर काढायला लागली. काढायची, बोटाने पुसून बघायची, परत बसवायची. (आमच्या टॉवेलांत बारीक केस असणार, ते जाळीत अडले नाहीत तर पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात जाऊन बसणार, हे तिने घरीच मला समजावलं होतं. मी समजल्यासारखी मान हलवली होती.) दुखऱ्या बोटांनी जी जाळी निघेना ते मशीन बाद. विक्रेत्याची साखर हळूहळू विरघळत चालली होती.

तीन मशीनं उरली, तिन्ही आमच्या ऐपतीतली आणि तिन्हीवर टिकाऊपणाच्या चिठ्ठ्या. मी म्हटलं, आता चिठ्ठ्या टाकूया. तर तुमची लेक विक्रेत्याला म्हणाली, “आधी या तिघांच्या एकेक सुट्या जाळ्या द्या. पैसे देते. मशीनचं मग बघू.” तो म्हणाला, ताई, जाळी मशीनमध्ये असतेच. ती म्हणाली, ती फाटल्यावर दुसरी लागेल, ती आत्ताच द्या. पहिल्या मशीनची जाळी मागवावी लागेल म्हणाला. दुसऱ्याबद्दल कंपनीला विचारावं लागेल म्हणाला. तिसऱ्याच्या नावाने तो आत गेला आणि गोदामातून धूळ झटकत खरोखर एक जाळी घेऊन आला. तिने तिचे पैसे दिले, जाळी पर्समध्ये ठेवली आणि मग त्या तिसऱ्या मशीनकडे बोट केलं. ते निघालं ड्रायव्हिंग मास्तरांच्या मशीनच्याच घराण्यातलं, नव्या पिढीचं! मामा, भर दुकानात टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटलं. पिशवी हातात होती म्हणून वाचलो. त्या विक्रेत्यानेही हात जोडले, आणि आता तो केस कापायला आमच्याकडेच येतो (कॉलर यथातथाच आहे).

मशीन मागच्या खोलीत बसवलं तेव्हा पहिल्याच पिळण्यात ते थयथयाट करत पडद्याबाहेर यायला निघालं. मी मिठी मारून धरलं. तुमच्या लेकीने मला बाजूला केलं, दाढीच्या पाण्याची वाटी झाकणावर ठेवली, आणि पाणी कुठल्या कडेला कलतं ते बघत मशीनचे खालचे पाय फिरवून पाणी सपाट आणलं. तेव्हापासून ते जागचं हललेलं नाही. टॉवेल मऊ निघतात, पोस्टमास्तर शिंकत नाहीत, आणि हातांची सालटं जाऊन खाली नवी, गुलाबी कातडी आली आहे. परवा तिने माझ्या शर्टाचं बटण लावून दिलं. सुई धरता आली तिला. तोच शर्ट मी कालही घातला.

मामींना नमस्कार. दोघांनी प्रकृतीला जपा.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. : तुमची कंबर अशी असताना महिनाअखेरीला एवढा प्रवास कशाला? हात बरेच झाले आहेत, न्यायचं कारणच उरलेलं नाही. खरं सांगायचं तर पत्र यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत तुमच्या लेकीने सगळं वाचलं. खुर्ची की मशीन हे भांडण मी जिंकलो नव्हतो असं ती म्हणते. खुर्चीचे पैसे तिने आधीच मशीनसाठी बाजूला काढले होते, फक्त मी सुचवायची ती वाट बघत होती. आणि ती म्हणते, बाबांना यायला सांगा. मी विचारलं, हात सोलले होते तेव्हा ‘जाते’ म्हणाली नाहीस, आता बरे झाल्यावर जातेस? तर म्हणाली, तसले हात घेऊन आईसमोर गेले असते तर आईने तुम्हाला बोल लावला असता, आणि तो मला ऐकायचा नव्हता. आता जाते आणि दाखवते. मामा, हे मला ठाऊकच नव्हतं. ती इतके दिवस माहेर टाळत होती ते माझ्यासाठी.

तेव्हा जरूर या आणि तिला घेऊन जा. आठ दिवसांनी न्यायला मी स्वतः येईन. त्याच्यापुढे एक दिवसही मला तिच्याशिवाय करमणार नाही. या पत्रातली बरीच वाक्यं तिने खोडायला लावली. हे वाचलं आणि राहू दिलं.