ओठांवर आलेले ‘गप्प बस’

तीर्थस्वरूप दादांस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. साठीला टेकलेली मी परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून निघाले, तेव्हा आपण म्हणालात, “आठवड्यात रडत येशील.” आज आठवा दिवस.

काल संस्कृतच्या तासाला मी सवयीने मुलांकडून श्लोक घोकून घेत होते. एका चिमुरडीने मधेच विचारले, “पण बाई, याचा अर्थ काय?”

माझ्या ओठांवर ‘गप्प बस’ आले. लहानपणी देवघरात याच श्लोकाचा अर्थ मी विचारला, तेव्हा आपण तसेच दटावले होते. मी ते शब्द गिळले, मुलांत जमिनीवर बसले आणि पदन्‌पद उलगडून सांगितले.

वर्गात मागे बसलेल्या माझ्या मार्गदर्शक बाई हसल्या, “आजी, घंटा झाली, सोडा आता पोरांना!”

दादा, मी परतणार नाही. हे पत्रही पाठवणार नाही. त्याऐवजी उद्या फोनवर आपल्यालाच त्या श्लोकाचा अर्थ पुन्हा विचारीन.

आपली आज्ञा मोडणारी,
धाकटी