सोयाबीनच्या मटणातली नळी

ती. रंजितामामींना,

दारव्ह्याहून नयनचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामा पथ्य पाळतात का? (हे मामांना विचारू नका, ते हो म्हणतील.)

पत्राचं कारण आभार. आमच्या शेतकरी कंपनीच्या सभासदांनी माझ्या मालाच्या चाचणीसाठी पोळ्याची करच निवडली, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, ज्या दिवशी आपल्याकडे मटणाशिवाय पंगत उठत नाही तोच दिवस. सोयाबीनचं मटण पंगतीला आवडलं तर ते बनवणारं माझं यंत्र कंपनीच्या शेडमध्ये राहणार, नाही तर परत जाणार. अशा दिवशी तुम्ही गुडघा घेऊन कळंबहून आलात, घरचा मसाला आणलात आणि चुलीचा ताबा घेतलात. पाकिटावर आठ मिनिटं शिजवा असं मीच छापलं आहे. ते वाचून तुम्ही म्हणालात, "आठ मिनिटात कुठं मटन शिजते माय? लोकं कच्चं म्हनतीन." आणि मला लिंबं आणायला पिटाळलंत. मी परत आले तेव्हा चुलीवरच्या गंजावर झाकण होतं आणि वास अपेक्षेपेक्षा बराच चांगला होता. (तिथेच मला शंका यायला हवी होती.)

पंगत बसली. सकाळपासून माझ्या मालाला ढोरांची ढेप म्हणणाऱ्या उकंडाकाकांनी रश्शातून एक नळी उचलली, ताटावर ठोकली, चोखली आणि ओरडले, "अबे, पोरीनं नळीबी बनोली!" झालं. यंत्र ठेवायला सगळ्यांचे हात वर. मामी, माझ्या यंत्रातून तुकडे निघतात, खिमा निघतो. हाड निघत नाही. मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही भाताकडे पाहत होतात.

मी उभी राहून सांगितलं की नळी माझी नाही. हात खाली गेले. "येवढं खरं कायले बोलते व?" असं काका कळवळून म्हणाले. (नळी त्यांनी खाली ठेवली नव्हती.) येत्या रविवारी बिनहाडाची पंगत पुन्हा बसेल, यंत्राचा निकाल तेव्हाच.

मला राग नाही. माझ्यासाठी इतक्या मनापासून लबाडी आजवर कोणी केली नव्हती.

तुमची,
नयन

ता. क. रविवारी मसाला हवा. पिशवी मी दारातच तपासेन.

ता. क. २ निघताना तुम्ही म्हणालात की मामांचं पथ्य म्हणून त्यांच्यापुरतं नुसतं सोयाबीन, हाडं टाकायच्या आधीच, वेगळ्या डब्यात काढलं होतं. डॉक्टरांनी मटण बंद केल्यापासून मामा करीच्या दिवशी पंगतीला बसत नव्हते. यंदा बसले, त्या डब्यातलं दोनदा मागून खाल्लं, आणि मी नळीचं सांगितल्यावर माझ्या कानात म्हणाले, "मले पयल्याच घासात समजलं होतं, खरं मटन हाय. तुह्या मामीले सांगजो नको." म्हणजे खरी चाचणी त्या डब्यात झाली आणि मी पास आहे. तेव्हा रविवारी मामांना साक्षीला आणाच. तोवर मात्र त्यांना खरं सांगू नका. मीही सांगितलेलं नाही.