माहूरचं म्हणून धाडलेलं फूल

लातूर, १९८६

चि. नरसिंगास अनेक आशीर्वाद.

तू अमेरिकेतली दोन वाळकी रानफुलं पाठवून लिहिलंस, "अक्का, ह्यांची बहीण माहूरच्या डोंगरावर हाय. तोडून धाड, मूळ एकच का ते बघतो." लातूर जिल्हा झाला तरी पाणी टँकरचंच, टँकरपुढची घागर सोडून मी माहूरला गेलेच नाही. तुझंच एक फूल माहूरचं म्हणून परत धाडलं.

तू कळवलंस, "मधी समुद्र असून तिळाचा फरक न्हाई!" आता ते संशोधन म्हणून छापणार आहेस. त्याआधी येतोस, म्हणतोस, "जागा दाखव."

रेणुकामाईच्या डोंगरावर मी कुठं बोट दाखवू? दुसरं फूल देव्हाऱ्यात आहे, तिकडं बघवत नाही.

हे खरं सांगायला घेतलेलं तिसरं पत्र. आधीची दोन चुलीत घातली. चूल आताही पेटलेलीच आहे.

तुझी खोटारडी,
सिंधुअक्का