शर्टापायी चुकलेला साखरपुडा

ठाकुर्ली, बुधवार, सकाळचे साडेसहा

आदरणीय शीलाताईस,

राजरत्नचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींची शुगर आटोक्यात असेल (साखरपुड्याचं जेवण होऊन तीनच दिवस झालेत, त्यामुळे विचारायची ही वेळ नव्हे, हे मला कळतं). इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे, तुझी भावजय मृणाल रविवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि तिचं माझ्याकडे फारसं काम निघत नाही. तू तीन वर्षं माझे मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो. एवढं लिहीपर्यंत मी तीनदा उठलो, दोनदा गॅलरीत जाऊन आलो आणि एकदा गॅस बंद आहे की नाही ते बघून आलो (चहा अजून व्हायचाय).

मुलीचा सख्खा मामा साखरपुड्याला का आला नाही, हे तुझ्या व्याह्यांनी विचारलं असेल. तू काय सांगितलंस, कोण जाणे. खरं काय घडलं ते मी सांगतो. मृणाल सकाळीच तुझ्या मदतीला गेलेली, मी बारापर्यंत बाळकुमच्या हॉलवर पोचणार होतो. दाजींच्या निवृत्तीच्या समारंभात मी माईकवर जे बोललो (की तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यातलं पाणी आणि खुर्ची, दोन्ही हलू दिली नाहीत), त्याबद्दल त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागायची, हे मेघनाच्या साखरपुड्याचं आमंत्रण आलं तेव्हाच ठरवलेलं. तीन वर्षांपूर्वी त्या वाक्यावर हॉल हसला, दाजींचे साहेब तर सगळ्यात जास्त हसले, आणि मला वाटलं, रंगलं. दाजींचं तोंड मी नंतर व्हिडिओत बघितलं.

तर माफीचं वाक्य पाठ होतं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. घरी बसवेना म्हणून दहालाच ठाण्यात येऊन पोचलो. वेळ काढायला एका बसस्टॉपच्या बाकावर टेकलो. त्या बाकाला त्याच सकाळी पिवळा रंग दिलेला. तसा कागद चिकटवलेला होता म्हणे, पण मी नेमका त्या कागदावरच बसलेलो. उठलो तेव्हा पँट कागदामुळे वाचलेली आणि पाठीवर मात्र तीन पिवळे पट्टे.

समोर कपड्यांचं एकच दुकान उघडं होतं, ‘चिल बकेट’. सोळा ते चोवीस वयाच्या पोरांसाठी यांची गावोगाव दुकानं आहेत. दर शुक्रवारी नवा माल येतो आणि आधीच्या शुक्रवारचा म्हातारा होतो. (मग माझं काय, हा विचार दारातच आला.) आत गाणं एवढं मोठं की आपण काय शोधतोय तेच विसरायला होतं. शर्ट दोनच जातींचे. एक बेंबीपाशी संपणारे. दुसरे ‘ओव्हरसाइझ’, म्हणजे त्यात मी, दाजी आणि आमचं भांडण असे तिघेही मावलो असतो. शेवटी ढिगातून एक पांढरा काढला. समोरून अगदी कोरा. ट्रायल रूमपाशी सान्वी नावाची एक मुलगी उभी होती, अर्धे केस निळे, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र. माझी घालमेल बघून तिने विचारलं, “काका, इंटरव्ह्यू आहे का?” वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हे कोणी विचारलं की माणूस विरघळतो. रांगेत उभ्या उभ्या मी तिला तीन वर्षांची हकीगत सांगितली. ती म्हणाली, “मग सॉरी बोलून टाका ना. एवढं काय त्यात?”

एवढं काय त्यात, हे तिला कसं सांगू? मी खोलीत गेलो, शर्ट चढवला आणि अंगावरच ठेवला.

पैसे घ्यायला माणूस नव्हता, मशीनच होतं. ते आपलं आपण वापरायचं, आणि कपड्याला लावलेला चोरी पकडायचा बिल्लाही आपला आपणच काढायचा. हे मला कोणी सांगितलं नाही. दारातून निघताना घंटा वाजली. वॉचमनने माझ्याकडे बघितलं आणि अदबीने दार उघडून धरलं. चोर वाटण्याचंही वय निघून गेलं, ताई.

रिक्षाने बाळकुमला आलो. हॉलच्या गेटवर शर्ट सारखा करताना कमरेला तो राखाडी बिल्ला हाताला लागला. दातांनी ओढून बघितला, निघेना. नव्या सोयऱ्यांसमोर मुलीचा मामा दुकानातून पळवलेल्या मालासारखा दिसणार! तसाच परत फिरलो. दुकानात तोवर अख्खं ठाणे लोटलेलं. सान्वीने बिल बघून बिल्ला काढला, मला वळवलं आणि मोठ्याने वाचलं. पाठीवर, मानेखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, ‘सॉरी नॉट सॉरी’. म्हणजे सॉरी म्हणतोय, पण वाटत काही नाही. “काका, हे घालून तुम्ही माफी मागणार होतात?” असं म्हणून ती खाली बसून हसली. मग बदलीचा शर्ट, त्याची रांग, त्यात मशीन बंद पडलं. माझा नंबर लागेपर्यंत तीन वाजले आणि तुमचा कार्यक्रम उरकला असणार म्हणून मी घरी आलो.

हे एवढंच घडलं. यात माझा दोष असेल तर तो बाकावर बसण्यापुरता. दाजींना नमस्कार, मेघनाला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
राजरत्न

ता. क. मशीन बंद पडलं नव्हतं. सान्वीने मला रांगेच्या पुढे घेतलं आणि साधा शर्ट आतून आणून दिला. एक वाजता मी परत तुझ्या हॉलवर होतो. केटररच्या टेम्पोआड उभा राहिलो. बाजूच्या दारातून दिसत होतं. तू मेघनाच्या पदराला पिन लावत होतीस. दाजी ताट हातात घेऊन मोठ्याने हसत होते. मी आत गेलो की ते हसणं थांबणार, असं वाटलं. दाजी हात धुवायला गेले तेव्हा मी निघालो. मृणालला हे सांगितलेलं नाही.

आणखी एक. लग्नाच्या आधी मला दाजींना भेटायचंय. चारचौघांत नको, तुमच्या घरी. त्यांना विचारशील का? नाही म्हणाले तर तसं कळव, मी लग्नाला मागच्या रांगेत बसेन.

शेवटचं (पेन्सिलीने लिहितोय, पेन घरी राहिलं). पोस्टात टाकायला निघालेलो. पेटीपाशी उभा राहिलो आणि चार दिवस वाट बघवणार नाही हे लक्षात आलं. वर्तकनगरला तुमच्या बिल्डिंगखाली आहे. पाकीट वॉचमनकडे वर पाठवतोय. वाचून झालं असेल तर जरा खिडकीशी ये. एकटी नको, दाजींनाही घेऊन ये.