मधला थर

ता. ४ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. कारखान्याच्या पाहुणेघरात खोली मिळाली आहे. खाट, टेबल, खिडकीला जाळी आणि जाळीवर बोटभर राखाडी धूळ. सकाळी पुसली, दुपारी पुन्हा तेवढीच. तू असतीस तर दिवसभर फडकं हातातून सुटलं नसतं.

तू विचारलंस, घनतामापक तपासायला गावोगाव फिरतेसच, मग भावजींच्याच कारखान्याचं काम कशाला घेतलंस? खरं सांगू? ऑफिसात कामं वाटताना हे नाव ऐकलं आणि माझा हात आपोआप वर गेला. कॉन्व्हेंटात सिस्टरचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच जायचा ना, तसा. तेव्हाही उत्तर येत असायचंच असं नाही.

आज त्यांची टाकी पाहिली. टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे, सर्कशीच्या तंबूएवढी गोल आणि उघडी. इथे दगड दळून पीठ करतात, त्यातलं हवं ते काढून घेतात आणि उरलेलं पीठ पाण्यासकट हिच्यात येतं. औषध घातलं की पीठ खाली बसतं, वर पाणी निवळतं. तळाशी एक लांबलचक दाताळं सावकाश गोल फिरत असतं, आणि त्याच्याबरोबर गाळाचा सगळा थरही. वर एक अरुंद पूल आहे. उन्हाळ्यात त्याच पुलावर भावजींचा डबा आणि चष्मा सापडला होता.

जागा फोरमनने दाखवली. इथे सगळे भावजींना ‘मास्तर’ म्हणायचे, कारण काटा केसभर चुकला तरी समोरच्याची शिकवणी घ्यायचे. फोरमन म्हणाला, गळ टाकून तळ पुन्हा पुन्हा ढवळला, काही लागलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, माणसं कधीकधी कंटाळून निघूनही जातात, बाई. मी विचारलं, चष्मा ठेवून?

जेवत जा. एकटीसाठी कशाला करायचं, असं म्हणू नकोस. तुझ्या लोभातला माझा वाटा राखून ठेव.

तुझी ठमी


ता. ९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. दर रविवारी सिस्टर आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायच्या, त्यांचे सगळे रविवार तुझ्यावर वाया गेले.

एक गोष्ट आहे, ती फोनवर सांगता येत नाही. सांगितली तर तू मध्येच तोडून डॉक्टरचा नंबर देशील. पत्रात निदान शेवटपर्यंत ऐकून घेशील.

हे येतात.

दिसत नाहीत. दुपार कलली की बाथरूममधला नळ वाजतो. जाऊन पाहावं तर नळ तसाच सोडलेला, जन्माची खोड! आणि सुट्टीवर आले की ज्या घमेल्यात पाय सोडून बसायचे, त्यातलं पाणी राखाडी. पायपुसणं ओलं. तिथून आतल्या खोलीकडे चार-पाच ओली पावलं, पुढे काही नाही. मला वाटलं पाइप गंजला. प्लंबरला बोलावलं. त्याने सगळं खोलून पाहिलं आणि म्हणाला, काकू, तुमच्या नळाला माझ्या घरच्यापेक्षा स्वच्छ पाणी येतं.

भ्यायले का विचारशील. पहिल्यांदा भ्यायले. शेजारच्या वहिनींकडे साखर मागायला म्हणून गेले आणि दिवे लागेपर्यंत उठलेच नाही. आता जात नाही. आता पाणी गरम करून ठेवते. टाचांना भेगा आहेत त्यांच्या.

नोकरीत असताना पंधरवड्याने एकदा घरी यायचे, आता रोज येतात. गल्लीत म्हणतात, नवरा टाकून गेला. मला हसू येतं.

घमेल्यातलं पाणी बाटलीत भरून पाठवते आहे. तू मोजणारी बाई, मोज. आणि वेडी म्हणायचंच असेल तर मोजल्यावर म्हण.

स्वेटर घालत जा. माया आहेच, ती काही कुठे जात नाही.

तुझी ताई


ता. १५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाटली पोचली. बुचाभोवती गुंडाळलेली चिंधी भावजींच्या निळ्या शर्टाची होती, ओळखली.

मोजण्याआधी तुला मनातल्या मनात वेडी म्हणून झालं होतं. मोजल्यावर शब्द मागे घेतला.

बाटली नीट हलवली, माप काठोकाठ भरलं आणि काट्याला लावलं. मग टाकीत वेगवेगळ्या खोलीवरून नमुने काढले. वरचं पाणी हलकं, तळचा गाळ जड. तुझं पाणी दोन्हींशी जुळेना. जुळलं ते एकाच ठिकाणी. निवळ पाणी संपतं आणि गाळ सुरू होतो, त्या मधल्या थराशी. तेच वजन, तीच भुकटी, त्या औषधाचा तोच बुळबुळीतपणा. आपल्या बाथरूममध्ये ते कुठून येणार, ताई?

आता पुढचं बसून वाच. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो. इथला तळचा गाळ लिटरला दीड किलोच्याही वर. माणूस पाण्यापेक्षा किंचित जड, पण गाळापेक्षा पुष्कळ हलका. म्हणजे इथे पडलेला माणूस पाण्यातून खाली जातो, पण गाळाशी पोचला की गाळ त्याला आत घेत नाही. तो तिथेच राहतो. खाली नाही, वर नाही. सगळ्यांनी गळ टाकले ते तळाला, कारण बुडालेला माणूस तळाशी जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जन्मभर घनता मोजलेल्या माणसांनाही त्या दिवशी एवढंच ठाऊक होतं. मलाही, तुझी बाटली येईपर्यंत.

गाळाची पातळी कळावी म्हणून इथे तारेला एक गोळा सोडलेला असतो. पाण्यात बुडेल पण गाळावर तरंगेल, असा. तो गाळाच्या पाठीवर बसून असतो. पुलावर उभी राहून मी ती तार हातात धरली. दाताळ्याची फेरी पुरी होत आली की खालून काहीतरी येतं, गोळा अलगद वर उचलतं आणि पुढे जातं. पुढच्या फेरीला पुन्हा. धक्का बसत नाही, ताई. गर्दीत कोणी खांद्यावर हात ठेवून ‘जरा सरकता का’ म्हणावं, तसं लागतं. फोरमन म्हणाला, गाळाचं ढेकूळ असेल. मी तार त्याच्यापुढे केली, तर त्याने हात मागे बांधले.

महिनाअखेरीस ही टाकी बंद होणार आहे, नवी तयार आहे. जुनीतला गाळ तसाच घट्ट होऊ देतील आणि वर माती टाकतील. ती उपसायला लावायची तर घरच्यांचा अर्ज हवा, असं कारखान्याच्या साहेबाने सांगितलं. माझा अहवाल मी जोडीन. अर्ज मात्र तुझाच पाहिजे. उलट टपाली पाठव.

आज तुझ्या मायेची जरा जास्तच गरज असलेली,
ठमी


ता. १९ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

अर्ज पाठवत नाही.

रागावू नकोस. ते तिथे आहेत हे मला ठाऊकच होतं. ते इथे येतात हे खरं आहे का, एवढंच मला हवं होतं, आणि ते तू मोजून दिलंस. आता टाकी उपसली तर काय होईल? माणसं येतील, रडतील, चहा पितील, चपला शोधत निघून जातील. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळ वाजायचा नाही.

लग्न झाल्यापासून हे पुरते माझ्या वाट्याला कधी आले, सांग. आधी सासू-सासऱ्यांची दुखणी, मग नणंदांची लग्नं, मग ही टाकी. तूच लिहिलंस, खाली नाही, वर नाही. मग जे कुणाचेच नाहीत ते माझे. टाकू दे माती.

काल घमेल्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि तू शाळेच्या नाटकात देवदूत होऊन स्टेजवरून पडलीस ते सांगितलं. पाणी हललं. हसले असणार. ते आधीही आवाज न करताच हसायचे.

तू गप्प राहा. थोरल्या बहिणीचं एवढं ऐक. माझी माया कमी झाली असं मात्र समजू नकोस.

ताई


ता. २५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
नमस्कार.

ऐकलं तुझं. साहेबाशी बोलले नाही. पण तुला लिहिल्यावाचून राहवत नाही.

दाताळं थांबवलं. त्याची घरघर सतत पायाखाली असायची. ती बंद झाल्यावर लोक आधी सवयीने ओरडून बोलले, मग आपलाच आवाज ऐकून दचकले. आता सगळे कुजबुजतात. ढवळणारं कोणी नाही म्हटल्यावर गाळ बसत चालला आहे. तो मधला थर मी रोज मोजते, आणि तो रोज जड भरतो. आज नमुन्याचा डबा आत जाईना, काठीने दाबावा लागला. गोळा रुतला आहे, तार ओढली तरी निघत नाही.

आधी गाळ त्यांना आत घेत नव्हता. आता पाण्यात उरलासुरला होता तोही वरून बसतो आहे, आणि हा त्यांना सोडणार नाही.

बाकी तू म्हणशील तसं. मला फक्त तू रागावलेली नको आहेस.

ठमी


ता. २८ नोव्हेंबर

चि. ठमे,
आशीर्वाद.

अर्ज सोबत आहे. सही ओळखू येते का पाहा, हात ओले होते.

तू लिहिलंस ते मला इथे आधीच दिसत होतं. नळ उशिरा वाजायला लागला. पावलं आतल्या खोलीपर्यंत पोचेनात, आणि होती ती लांबट, ओढत आणल्यासारखी. घमेल्यातलं पाणी चिखल झालं. काल नळ वाजलाच नाही. घमेलं मात्र करकरलं. जाऊन पाहिलं तर आत गाळ घट्ट बसलेला आणि त्यात दोन खड्डे, घोट्याच्या वरपर्यंत. पाय होते त्यांत, ठमे. दिसत नव्हते, पण गाळाला चिरा जात होत्या. रुतलेला पाय उपसू पाहिला की जातात तशा.

मी खाली बसून दोन्ही हातांनी गाळ उकरला. नखं मोडली. असा गारठा हाताला कधी लागला नव्हता. शेवटी डावा मोकळा झाला. उजवा होईना. मग चिरा जायच्या थांबल्या. दमले असतील. आयुष्यभर दमले तरी कधी म्हणाले नाहीत.

मी हट्टी आहे, पण माणसाला असं जखडून ठेवण्याइतकी नाही गं. काढा त्यांना.

त्या लोकांना नीट सांग. डावा खांदा जपा, तो निखळतो. काखेत हात घालून उचलू नका, गुदगुल्या होतात, मग चिडतात. आणि गाडीत त्यांना मागे एकटं ठेवू नकोस, तू मागे बस. बोलत राहा. तुझी बडबड त्यांना आवडायची. तुझ्या तोंडावर म्हणाले नाहीत, शेफारशील म्हणून.

तुम्हा दोघांवर तेवढीच माया असलेली,
ताई


ता. २ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढे निघालेल्या जीपवाल्याच्या हाती हे पत्र देते आहे. आमची गाडी सावकाश येईल.

अर्ज पाहिल्यावर साहेबाने लगेच माणसं दिली. पाणी उपसलं, मग झोत मारून गाळ फोडला. मधल्या थरातच होते, पुलापासून फार लांब नाही. उभे होते, ताई. उजवा पाय गाळाने घट्ट धरला होता, तो सोडवायला बराच वेळ लागला. डावा मोकळा होता. त्याच्याभोवतीचा गाळ कोणीतरी आधीच उकरून काढला होता, आणि त्या गाळावर बोटांच्या रेघा होत्या, बारीक, बायकांच्या हाताच्या. फोरमनने त्या पाहिल्या, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पुढे केले. माझी नखं शाबूत होती.

डावा खांदा जपला. काखेत कोणी हात घातला नाही. पंचनामा, डॉक्टर, सगळं उरकलं. आता मी मागे बसणार आहे, आणि वाटभर बोलणार आहे.

लोभाचं आज वेगळं लिहीत नाही, भेटतेच आहे. तू एवढंच कर. दाराजवळची खुर्ची बाजूला घे आणि दोन्ही फळ्या उघडून ठेव. इतके दिवस त्यांना आत यायला दार लागत नव्हतं. आज लागेल.

तुझी ठमी