टिटवी छाप, चार नंबर

१२ नोव्हेंबर

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. डायरी रोज लिहितो, तिच्यात तुम्ही येताही. पण तुमच्याविषयी लिहिणं वेगळं आणि तुम्हाला लिहिणं वेगळं. आज लिहितोय, कारण मी एक चोरी केली आहे.

तुमच्या खिशातला घडीचा चाकू टिटवी छाप होता. पात्याच्या मुळाशी ठसवलेली ती नखाएवढी टिटवी. तो कारखाना केव्हाच बंद पडला, पण त्याचे चाकू मी बारा-पंधरा वर्षं जमवतो आहे. गोंदियातल्या जुन्या हार्डवेअरवाल्यांकडून, भंगारातून, एक तर आपल्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या जत्रेतून. एक नंबर शिसवी मुठीचा, सुपारीपुरता. दोन नंबर दुपाती. तीन नंबरला डबा फोडायचा आकडा आहे, आपल्याकडे तो कुणी कधी वापरला असेल असं वाटत नाही. पाच नंबर पितळी, देखणा, उन्हात हातात धरवत नाही. जुन्या मालाला तीन पितळी रिव्हेट, नंतरच्याला दोन लोखंडी, आणि अगदी शेवटी लाल प्लास्टिकच्या मुठी आल्या, त्या मी नाइलाजानं ठेवल्या आहेत. चार नंबर तुमचा, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. तसा एक कोरा, तेलकट कागदात गुंडाळलेला मला मिळाला होता. पण तो कोरा होता. तुमचा सालेकसाला, ताईच्या स्वयंपाकघरात.

तुम्ही तो तिला दिला, तो दिवस मला आठवतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, ताई माहेरी आलेली. तुम्ही ड्युटीवरून येता, जंगलखात्याच्या नाकेदाराचा खाकी शर्ट खुंटीला लावता, खिशातून चाकू काढून तिच्यापुढे जमिनीवर ठेवता. धारेची वस्तू हातात देत नाहीत, म्हणून ती खालून उचलते. मी म्हणतो, “न् मले?” तुम्ही हसता. “तुले कायले पायजे चाकू? तुह्यापाशी पेन आहे ना.” आईही हसली. तुमचा हिशेब बरोबर होता: मला शिक्षण, तिला चाकू. तिची शाळा दहावीला सुटली होती, हे लक्षात घेतलं तर उलट मलाच जास्त मिळालं. हे मी स्वतःला कितीदा समजावलं आहे. तरी दर भाऊबीजेला ती त्या चाकूनं शिंगाडे सोलते, तेव्हा मी तिच्या हातातल्या चाकूकडेच बघत बसतो.

या भाऊबीजेला ओवाळताना ती म्हणाली, “मले पाह्य ना बाबू, चाकूले काय पाहून राहिला?” मी हसलो. ओवाळणी घातली. ती कोथिंबीर आणायला घरामागच्या बाडीत गेली, तेवढ्यात मी खिशातला कोरा चार नंबर शिंगाड्यांच्या टोपलीत ठेवला आणि तुमचा उचलला. दोन्ही एकाच साच्यातले, तिला काय कळणार, असं वाटलं. चाकू जमवणाराच असं समजू शकतो.

काल तिचा फोन आला. “आपला चाकू नव्हे हा. सुनेनं हरवला न् बाजारातला आणून ठेवला. विचारलं त रडून राहिली, मानत नाही. येवढ्याशा चाकूसाठी खोटं बोलाचं का, सांग बरं?” मी काय बोललो ते डायरीत जसंच्या तसं लिहिलं आहे: “जाऊ दे ना ताई, चाकूच तर आहे.”

फोन ठेवून मी तुमचा चाकू माझ्या संग्रहाच्या पेटीतून काढला. मुठीवर एका ठिकाणी अंगठ्यानं झिजून खळगा पडला आहे. त्याच खळग्यासाठी मी तो चोरला. तुमचा अंगठा जिथे टेकायचा तिथे माझा टेकवायचा होता. तो बसेना. भिंग घेतलं तेव्हा दिसलं की खळगा टिटवीच्या बाजूला नाही, उलट बाजूला आहे. उजव्या हातानं चाकू धरणाऱ्याचा अंगठा टिटवीच्या बाजूला येतो. तुम्ही सगळं उजव्या हातानं करायचात. ताई डावखुरी, तुम्ही तिला लाडानं डेबरी म्हणायचात. तुमची खूण मी खूप शोधली. असेल तर तिच्या कामाखाली केव्हाच पुसली गेली आहे.

ही पानं डायरीतच राहतील. पण एक कबूल करतो. हे कळल्यावर मला आधी तिच्या सुनेचं रडणं आठवलं नाही. आधी मनात आलं, तुमचं यात काहीच नाही, तर मग परत द्यायला हरकत नाही. खळगा तुमचा निघाला असता तर मी काय केलं असतं, ते एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ खोडली आहे.

उद्या: सकाळच्या गाडीनं सालेकसा, सुनेसमोर ताईला सांगायचं.