ढोकी संघातला दादा

३ नोव्हेंबर २०२५
संघाला आमच्या गावाचंच नाव ठेवलं — ढोकी! अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये आमचं ढोकी. जर्सी उसाच्या पाल्यासारखी हिरवीगार. खेळाचे नियम मला अजून धड कळत नाहीत. अमेरिकाही फक्त पडद्यावरच बघितलीय. पण ह्या गेममध्ये सगळं आपल्या हातात असतं. खेळाडूची उंची, वजन, वेग, हुशारी — एकेक आकडा आपण टाकायचा. दुखापती बंद करायचं बटणसुद्धा आहे.
ते आधी दाबलं.

५ नोव्हेंबर
आज रणधीरदादाला तयार केलं. माझा थोरला भाऊ. मोटरसायकलच्या अपघातात जाऊन दोन वर्षं झाली.
पाच फूट आठ इंच, वेग अठ्ठ्याऐंशी. नाक काही केल्या जमेना, तासभर त्यातच गेला. मग हेल्मेट चढवलं आणि चेहरा झाकूनच गेला! त्या दिवशी डोक्यावर हेल्मेट नव्हतं.
सावधपणा नव्व्याण्णव टाकला. त्याच्या वर जाता येत नाही.

८ नोव्हेंबर
तीन सामने जिंकलो. चार-चार धिप्पाड गडी दादाला खाली पाडतात. दादा उठतो. दर वेळी उठतो! त्यासाठीच खेळतोय मी, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
आई म्हणाली, जेवताना तरी ते बंद कर.

११ नोव्हेंबर
आबा मागे येऊन कधी उभे राहिले, कळलंच नाही.
"काय खेळायलास?"
"फुटबॉल."
"चेंडू हातात घिऊन पळायलेत, अन् म्हणं फुटबॉल!"
मला हसू आलं. मग त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. दोन वर्षं झाली, आबा आपल्या थोरल्या पोराचं नाव घेत नाहीत. त्याचा फोटो भिंतीवर लावू देत नाहीत, आईनं तो कपाटात साड्यांखाली ठेवलाय. कुणी विषय काढलाच तर एवढंच — बेफाम चालवली गाडी, गेला.
आबांनी वाकून पडद्यावरचे आकडे बघितले. मग म्हणाले, "सावधपणा किती दिलास त्येला?"
"नव्व्याण्णव."
आता भडकणार, असं वाटलं.
"असू दी. तेवढा हुताच त्यो."
आणि बाहेर निघून गेले.

१२ नोव्हेंबर
दिवसभर आबांचं तेच वाक्य डोक्यात. लिहूनच टाकतो.
गाडी मी चालवत होतो. येडशीहून येताना मीच हट्ट धरला, दादा मागे बसला. लायसन त्याच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. दवाखान्यात धोंडीबामामा माझ्या कानाशी लागला — "त्यो तर गेला. चालवत त्योच हुता म्हण." आणि मी म्हणालो! सगळ्यांसमोर, आबांसमोर.
तेव्हापासून आबा गेलेल्या पोराला बोल लावतायत. माझ्यामुळे.
लाज वाटते स्वतःची.

१४ नोव्हेंबर
ढोकीच्या संघात स्वतःला घ्यायला बसलो. नाव — कृष्णराज. उंची, वजन, वेग, सगळं पटापट भरलं. सावधपणाच्या रकान्यात मात्र आकडा टाकवेना. कितीही टाका, गेम तक्रार करत नाही. खेळाडू तसाच अर्धवट सोडून लॅपटॉप मिटला.
आबांना सांगायला हवं. घराबाहेर काढलं तरी चालेल.

१५ नोव्हेंबर
धीर झाला नाही.

१६ नोव्हेंबर
सांगितलं. आबा गोठ्यात म्हशीला पेंड घालत होते. हात थांबला नाही.
"म्हाईत हाय. तुझ्या छातीवर हँडलचा वळ बघितला हुता म्या दवाखान्यात. जलमभर ट्रॅक्टर हाकलाय, एवढं कळंना व्हय मला?"
मग दादाचा फोटो का लावू देत नाही, विचारलं.
"तुला वाचवाया त्येला बदनाम केलं म्या. त्येच्या म्होरं कोणत्या तोंडानं हुबा राहू?"